पंचांच्या तोंडातलं तेल

त्यांचं खरं नाव बायकोला ठाऊक होतं आणि पगाराच्या पावतीवर होतं. बाकी सगळी दुनिया त्यांना पंच म्हणायची. पोटापाण्यासाठी ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते. काचा घासायच्या, फ्रेमचे स्क्रू आवळायचे, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसतोय की घसरतोय ते बघायचं. आणि रविवार उजाडला की काळा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि फुटबॉलचं मैदान. आता चष्म्याच्या दुकानातला माणूस रेफरी झाल्यावर दुसरं काय होणार? त्यांनी कोणताही फाउल दिला की गर्दीतून आरोळी ठरलेली, "पंच, चष्मा लावा!" पंच मागे वळूनही न बघता ओरडायचे, "उद्या दुकानात ये, तुझाच नंबर काढतो!" सोमवारी त्यातले दोघं-तिघं खरंच यायचे आणि जाताना चष्मा घेऊन जायचे.

माणूस सुतासारखा सरळ. फुटबॉलच्या हंगामात कुठल्याही टीमच्या माणसाच्या हातचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. सख्खा मेहुणा टेकडीवर राहायचा, तर टेकडीच्या टीमची मॅच असेपर्यंत पंच त्याच्या दारात पाऊल ठेवायचे नाहीत. मेहुणा म्हणायचा, "हंगाम वर्षभर चालला तरी माझी काही हरकत नाही."

शहरात टीम बऱ्याच होत्या, पण वैर खरं दोघांचंच: टेकडी आणि बंदर. वरच्या वस्तीतले लोक खालच्यांना मासळी म्हणायचे, खालचे वरच्यांना शेळ्या म्हणायचे, आणि दोघांची फायनल लागली की दवाखाने आधीपासून कापूस मागवून ठेवायचे. एके वर्षी बाहेरगावचा रेफरी आणला होता. त्या मॅचचा शेवट गोलपोस्ट उपटून एकमेकांच्या मागे धावण्यात झाला. तेव्हापासून या दोन वस्त्यांचं जगात एकाच गोष्टीवर एकमत होतं: फायनलला शिट्टी पंचांची, नाहीतर फायनलच नाही.

आणि यंदा फायनलला थोडेच आठवडे उरलेले असताना एका सकाळी पंचांनी दात घासून चूळ भरली, तर सगळं पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर. त्यांनी पुन्हा भरली. पुन्हा बनियनवर. दारात बायको उभी होती. ती बालवाडीत शिकवायची, लाळ-शेंबडाचं तिला नवल नव्हतं. पंचांनी तोंडावर पाण्याचा हबका मारून दोन्ही डोळे मिटले, तर डावाच मिटला.

"अहो, सकाळी सकाळी डोळा काय मारताय? या वयात!"

पंच हसले. हसू सगळं डावीकडे गेलं, उजवा गाल जागचा हलला नाही. बायकोचं हसणं तिथेच थांबलं. तिने हातातलं फडकं टाकलं, पायात मिळतील त्या चपला घातल्या आणि नवऱ्याला तसंच ओल्या बनियनवर हॉस्पिटलात नेलं. उशीर करायचा नसतो एवढं तिला पक्कं माहीत होतं.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला लावले, चालायला लावलं, कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या, तपासण्या केल्या. मग म्हणाले, "मेंदूला काही नाही, सुदैव. चेहऱ्याच्या नसेचा पक्षाघात आहे. गोळ्या देतो, आजच सुरू करा. डोळा मिटत नाही म्हणून त्यात थेंब घालायचे, झोपताना पट्टी लावायची. बहुतेकांचं सुधारतं."

"किती दिवसांत?" बायकोने विचारलं.

"ते छातीठोकपणे नाही सांगता येत. नस आपल्या सवडीने जागी होते."

पंचांनी लेंग्याच्या खिशातून शिट्टी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ही त्यांची एकच शंका होती. डॉक्टर म्हणाले, "वाजवून बघा." पंचांनी ती दातांत धरली, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकली. हवा उजव्या कोपऱ्यातून फुस्सकन निघून गेली. पंक्चर झालेल्या सायकलीसारखा आवाज आला. बाहेरच्या बाकावरचं एक लहान मूल खुदकन हसलं, आणि पंचांना आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मुलाचा राग आला.

वैद्यबाईंचं नाव बायकोनेच काढलं. औषधांच्या दुकानावरच्या खोल्यांत त्यांचा दवाखाना होता. बाई लठ्ठ, आवाज ठणठणीत, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेल्या. त्यांनी पंचांचा चेहरा खिडकीकडे वळवला, बोटांनी गाल चाचपला आणि आधी हॉस्पिटलच्या गोळ्या बघायला मागितल्या.

"या एकही चुकवायची नाही. कुणी सांगितलं की आता आयुर्वेद सुरू झालाय, गोळ्या फेका, तर त्यालाच फेका. आमच्याकडे या दुखण्याला अर्दित म्हणतात. वात बिघडला असं आम्ही समजतो. गालाला ऊब द्यायची, तेल द्यायचं, आणि घाई करायची नाही. माझं काम मदतीचं आहे, जादूचं नाही."

मग सगळं सुरू झालं. सकाळी कोमट तेलाने चेहऱ्याला हलकं मालिश, हनुवटीकडून वर, कानाच्या दिशेने. डोळ्यांवर ओला कापूस ठेवून गालाला वाफेचा शेक. मान मागे टाकून नाकात औषधी तेलाचे थेंब. ते बाई स्वतः घालायच्या, याला नस्य म्हणायचं. गार पाणी बंद, गार वारा बंद, कान झाकून बाहेर पडायचं. भर उन्हात पंच मफलर गुंडाळून दुकानात जायला लागले. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय पंच, बँक लुटायला निघालात?"

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गंडूष. गंडूष म्हणजे कोमट तिळाचं तेल तोंडात गच्च भरून बसायचं. गिळायचं नाही, बोलायचं नाही, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत धरून ठेवायचं आणि मग थुंकायचं. ज्या माणसाचा जन्म ओरडण्यात गेला त्याला ही शिक्षा! पहिल्या दिवशी तर ओठच मिटेनात, निम्मं तेल हनुवटीवरून ओघळलं. बायको खाली वाटी धरून बसली. "माझ्या बालवाडीतली पोरं बरी," ती म्हणाली, "निदान डोळे वटारत नाहीत."

नेमके पंच असे तेल भरून बसलेले असताना लीगचे सेक्रेटरी आले. पंचांना पाहून ते खुर्चीच्या कडेवरच टेकले.

"पंच, कसं वाटतंय?"

पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले: खेळ चालू द्या.

"फायनलपर्यंत जमेल?"

पंचांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं: वेळ शिल्लक आहे.

"नाही म्हणजे, मी एक सोय केलीय." सेक्रेटरींनी खिशातून एक डबी काढली. "बटण दाबायची शिट्टी. फुंकायची भानगडच नाही." त्यांनी बटण दाबलं. दारावरची बेल वाजावी तसा आवाज झाला आणि शेजारच्या काकूंनी खरोखरच दार उघडून "कोण आहे?" विचारलं. पंचांनी शांतपणे खुंटीवरच्या काळ्या शर्टाच्या खिशातून लाल कार्ड काढलं आणि सेक्रेटरींच्या नाकासमोर धरलं. सेक्रेटरी चहा न घेताच गेले.

ही गोष्ट बाहेर पडायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत दोन्ही वस्त्यांना कळलं की पंच तोंडात तेल धरून बसतात. आणि मग खरा गोंधळ झाला. कारण शहरात ताजं घाण्याचं तिळाचं तेल मिळायचं एकाच ठिकाणी, बंदरावर. आणि तो घाणा होता बंदराच्या सेंटर फॉरवर्डच्या बापाचा! टेकडीवर बोंबाबोंब झाली. टेकडीचा गोलकीपर, दाराएवढा उंच गडी, चार जणांना घेऊन पंचांच्या घरी आला.

"काका, तुमच्यावर आमचा विश्वास आहे. पण तुमच्या तोंडात रोज बंदराचं तेल असतं, हे काही बरं दिसत नाही."

दुसरा कुणी असता तर त्याने त्यांना हाकलून दिलं असतं. पंच विचारात पडले! मॅचच्या आधी चहा नको, मग तेल कसं चालेल? त्यांनी उरलेलं तेल दिव्याला दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून गंडूष बंद. बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, तेल विकत आणलंय, लाच नाही घेतली!" पण ऐकतील तर पंच कसले. शेवटी वैद्यबाईच पायऱ्या उतरून घरी आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "तिळाला वस्ती नसते. पण तुमचं डोकं जागेवर राहावं म्हणून मी बाहेरगावाहून तेल मागवते. तोंड उघडा." बंदराच्या लोकांना ते कळल्यावर ते आठवडाभर रुसले.

दिवस चालले होते आणि गाल काही हलत नव्हता. पंच वरवर गप्प होते, पण आतून पार घाबरले होते. चष्म्याचं काम डोळा पुसत पुसत होत होतं. पण मैदान गेलं तर आपण कोण, हे त्यांना कळेना. रविवारच्या मॅचला दुसराच रेफरी होता, आणि त्याची शिट्टी चार गल्ल्या ओलांडून घरात ऐकू यायची. तेव्हा पंच खिडकी लावून घ्यायचे.

आणि त्या भीतीपोटी त्या सुतासारख्या माणसाने फाउल केला. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशिनच्या आवाजात, ते उजवा ओठ बोटांनी चिमटून धरायचे आणि जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकायचे. शिट्टी वाजायची! थोडी चिरकी, पण वाजायची. पंचांना हर्षाच्या उकळ्या फुटल्या. रोज फुंकायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत.

वैद्यबाईंनी पुढच्या खेपेला चेहरा खिडकीकडे वळवला आणि त्यांच्या भुवया चढल्या. "हे काय केलंत? तोंड आधीपेक्षा जास्त डावीकडे ओढलं गेलंय. खरं सांगा."

पंच कबूल झाले. बोटं कशी धरायचे ते करूनही दाखवलं. बायको बाजूला उभी होती. तिने त्यांच्याच खिशातलं पिवळं कार्ड काढून त्यांना दाखवलं. "हँडबॉल," ती म्हणाली. तिचे डोळे मात्र भरून आले होते.

"ऐका," बाई म्हणाल्या, आणि आवाज एरवीपेक्षा खाली आला. "तुम्ही जोर लावला की सगळा जोर चांगली बाजू लावते. ती झाली दांडगी, आणि दुबळी तशीच बसून राहिली. आता उलटं करा. आरशासमोर बसायचं, बोट डाव्या गालावर ठेवायचं, त्याला आवरायचं. आणि उजव्याला हळूच विचारायचं, बाबा, थोडं हलतोस का? फुंकायचं नाही. नुसतं 'प' म्हणायचं. 'फ' म्हणायचं."

दांडग्याला आवरा आणि दुबळ्याला खेळू द्या, एवढंच ना? हे काम तर पंचांनी जन्मभर केलं होतं. चष्म्याच्या दुकानात आरशांना काय तोटा! गिऱ्हाईक गेलं की पंच आरशासमोर बसून "प, प, फ, फ" करायचे. मालकाने दोन दिवस दुर्लक्ष केलं आणि तिसऱ्या दिवशी तोही नकळत "प, प" करायला लागला.

मग एकदा सकाळी गंडूषाला बसले असताना बायको वाटी धरून वाट बघत राहिली, आणि वाटीत काहीच पडेना. तिने वाकून बघितलं. ओठ मिटलेले. तेल आत! "अहो! गळत नाहीये!" ती अशी किंचाळली की पंचांनी दचकून सगळं तेल गिळलं. दोघं पोट धरून हसले, आणि हसताना उजवा कोपरा वर सरकला. अगदी जरासा, पण सरकला! बायकोने वाटी फेकली आणि चप्पल न घालता शेजारच्या काकूंकडे सांगायला धावली. संध्याकाळी टेकडीवर आणि बंदरावर एकदमच फटाके वाजले, आणि दोन्हीकडच्यांना वाटलं की दुसऱ्यांनी नक्कल केली.

डॉक्टरांनी तपासलं, खूश झाले. पंचांनी बायकोला विचारलं, हे गोळ्यांनी झालं, तेलाने झालं की नुसतं दिवस गेल्याने? तिने वैद्यबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "तिघांनाही टीममध्ये ठेवा. गोल कुणी मारला ते कशाला विचारता?"

फायनलच्या दिवशी पंच मैदानात उतरले तेव्हा चेहरा अजून थोडा वाकडाच होता. दोन्ही वस्त्या उभ्या राहिल्या. एरवी एकमेकांचा गळा धरणारी माणसं श्वास रोखून एका माणसाच्या ओठांकडे बघत होती. पंचांनी शिट्टी दातांत धरली, फुंकली, आणि ती वाजली! असा जल्लोष झाला की बॉलला कुणी पाय लावलाय हेच बऱ्याच जणांना कळलं नाही.

मॅच अटीतटीची झाली. इकडे गोल, तिकडे गोल. पंच धावत होते, फुंकत होते, आणि शेवटाकडे त्यांना जाणवलं की गाल दमलाय. वारंही सुटलं होतं. नेमका तेव्हाच बंदराचा सेंटर फॉरवर्ड, तोच घाण्यावाल्याचा पोरगा, बॉल घेऊन सुसाट सुटला. त्याच्या वाटेत येणाऱ्या टेकडीच्या बॅकचा शर्ट बंदराच्याच दुसऱ्या गड्याने मागून धरला. पंचांनी स्वच्छ बघितलं. त्यांनी शिट्टी फुंकली.

फुस्स.

पोरगा पुढे गेला, मारला, जाळी हलली. अर्धं मैदान नाचायला लागलं. पंच जागच्या जागी उभे होते. गोल दिला तर? फाउल कुणी बघितला होता? दोन मिनिटांत मॅच संपेल, सगळे म्हणतील पंच परत आले. आणि नाकारला, तर म्हणतील, शिट्टी फुंकता येत नाही त्याने शिट्टी गळ्यात अडकवू नये. खरंच म्हणतील. कायमचं म्हणतील. तरी पंचांचा हात वर गेला.

"गोल नाही. आधी फाउल होता."

लोंढा त्यांच्यावर आला. "शिट्टी कुठे वाजली?" "वाजलीच नाही!" "टेकडीचा मेहुणा!" सेक्रेटरी मध्ये घुसले, चष्मा वाकडा. "पंच, शिट्टी वाजली होती का?"

"नाही वाजली," पंच म्हणाले. "फुंकली होती. ओठ सुटला. वाजली नाही हे खरं, आणि फुंकली हेही खरं."

काहींनी खाली वाकून दगड उचलले. पहिला दगड कुठून येतोय एवढाच प्रश्न होता. सेंटर फॉरवर्ड गर्दीतून वाट काढत पंचांच्या छातीला छाती लावून उभा राहिला. घामाने निथळत होता. त्याने पंचांच्या ओठांकडे बघितलं, मग मान फिरवली आणि आपल्याच लोकांना म्हणाला, "फुंकली होती. मी ऐकलं फुस्स झालेलं."

"मग थांबला का नाहीस, गाढवा?" त्याचा बाप कुंपणावरून ओरडला.

"वाजली नव्हती ना!" पोरगा ओरडला, आणि आधी टेकडी हसली, मग बंदरही हसलं. हातातले दगड कुणी कधी टाकले ते कळलं नाही.

बरोबरी सुटली नाही, म्हणून मग पेनल्टी. आणि पेनल्टी म्हणजे प्रत्येक किकला शिट्टी! बायको प्रेक्षकांत उभी राहून स्वतःचाच गाल चोळत होती. प्रत्येक खेपेला लोक किकपेक्षा शिट्टीसाठी जास्त घाबरत होते. वाजली की हुश्श. शेवटची किक राहिली. गोल झाला तर कप बंदराचा. मारायला पुन्हा तोच पोरगा, समोर टेकडीचा दाराएवढा गोलकीपर.

पंचांनी फुंकली. फुस्स. त्यांनी गाल तळहाताने चोळला, हनुवटीकडून वर, आणि पुन्हा फुंकली. फुस्स. ओठ लटपटत होता. हजार डोळे त्यांच्यावर होते आणि लाजेने त्यांचे कान तापले होते. पोरगा बॉलपाशी ताटकळत उभा होता. त्याने पंचांकडे बघितलं, आणि जाऊन सरळ बॉलवर बसला.

"सावकाश घ्या, काका," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."

गोलकीपरही गोलपोस्टला टेकून उभा राहिला. दोन्ही वस्त्यांत कुणी खोकलंसुद्धा नाही. पंचांनी डोळे मिटले, दोन्ही मिटले, आणि जोर न लावता हळूच फुंकलं. शिट्टी अशी खणखणीत वाजली की बंदरावरचे पक्षी उडाले.

पोरगा उठला, दोन पावलं मागे गेला आणि कोपऱ्यात मारला. गोलकीपर झेपावला, पण बॉल त्याच्या बोटांखालून जाळीत गेला. कप बंदराचा झाला. गोलकीपर बराच वेळ मातीत पालथा पडून होता. मग उठला, तोंडातली माती थुंकली आणि टेकडीच्या सगळ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात पंचांना म्हणाला, "काका, शिट्टी एक नंबर वाजली."